चित्रपटात नसलेला शॉट

मी चित्रपटांचा आस्वाद घेणारा माणूस. आमच्या फिल्म क्लबच्या पत्रकात माझ्या नावापुढे तसंच छापायचे, ‘आस्वादक’. नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. ती संपली, आस्वाद मात्र निवृत्त झाला नाही. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पन्नास-साठ माणसं जमायची, बहुतेक साठीच्या पुढची. परदेशातला एखादा चित्रपट बघायची, मध्यंतरात साबुदाण्याची खिचडी खायची, आणि शेवटी मी उभा राहून त्यांना सांगायचो की त्यांनी नेमकं काय पाहिलं. ते माना डोलवायचे. आज हे लिहितानासुद्धा त्या माना डोळ्यांसमोर येतात.

ज्या रविवारबद्दल सांगायचंय तो दिवाळीच्या बारा-तेरा दिवस आधीचा. चित्रपट ब्रिटिश होता, सूडाचा. पण सूड म्हटल्यावर आपल्याकडे जो आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो, त्यातलं काही त्यात नव्हतं. इंग्लंडच्या उत्तरेकडचं समुद्रकाठचं गाव, सदा पाऊस, सदा ओव्हरकोट. एक निवृत्त बसड्रायव्हर तिथे येऊन भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या मुलीला त्या गावच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीनं उडवून तसंच निघून गेलेलं असतं. गाडी कुणाची ते त्याला हळूहळू कळतं. गावात गालिच्यांचं दुकान असलेला एक इसम, गालिच्यांच्या आडून त्याचे दुसरेही उद्योग. म्हातारा रोज त्या दुकानात जातो. काही घेत नाही, काही बोलत नाही. एखाद्या गालिच्यावरून हात फिरवतो, थोडा वेळ बसतो आणि जातो. दुकानदार हसतो, मग चिडतो, मग दुकान लवकर बंद करायला लागतो. शेवटी म्हातारा त्याच्या घरी जातो. चहाची किटली गॅसवर चढते, स्वयंपाकघराचं दार लागतं, कॅमेरा दाराबाहेर. आत किटली शिट्टी मारायला लागते, मारतच राहते. मग कुणीतरी गॅस बंद करतं. कुणी केला, आत कोण उरलं, ते सांगायच्या आत चित्रपट संपतो.

अपघातही दाखवत नाहीत. ओला रिकामा रस्ता आणि कडेला उलटी पडलेली छत्री, बस. त्यात एक साक्षीदार बाई आहे, तळलेल्या माशांचं दुकान चालवणारी. म्हातारा तिला विचारतो, तुम्ही पाहिलंत का? ती म्हणते, पाऊस होता, काही दिसलं नाही. म्हातारा म्हणतो, हो, पाऊस होता. आणि निघून जातो. या बाईवर मी पत्रकासाठीच्या माझ्या टिपणात एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. ‘दिग्दर्शक तिला दोष देत नाही. तिचं मौन तो समजून घेतो.’ वा रे दिग्दर्शक! आणि वा रे आस्वादक! ‘संयत’ हा शब्द त्या टिपणात मी सात ठिकाणी वापरला होता, नंतर मोजला.

हा चित्रपट मी त्याआधी घरी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा मला तो अतिशय आवडला. दोन्ही वेळा माझ्या भावाची आठवण आली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. धादांत खोटं.

आमचं मूळ घर वारज्याचं. वारजे शहरात यायच्या आधीचं वारजे. थोरल्या भावानं जमीन सांभाळली आणि मला शिकायला शहरात ठेवलं. पहिल्या दोन वर्षांत माझ्या तोंडातलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ गेलं, मी पेठेतल्यासारखा बोलायला लागलो. भावाला त्याचं इतकं अप्रूप की गावी गेलो की तो मला चारचौघांत उगाच बोलायला लावायचा. ‘जरा बोल की ते आपलं... आपण, अहो, असं.’ लोक हसायचे, मीही हसायचो. शहरात कुणाला घरी बोलावताना मात्र भाऊ आलेला नसेल याची मी काळजी घ्यायचो. हा एक वेगळाच नीचपणा.

बावीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मे महिना, दुपारची वेळ. मी गावाहून परत निघालो होतो आणि भाऊ मला स्कूटरवर बसथांब्यापर्यंत सोडायला आला होता. माझ्या मांडीवर वांग्यांची पिशवी. रस्त्याचं काम चाललेलं, खडी अंथरलेली. मागून एक नवीकोरी पांढरी जीप आली आणि आम्हाला घासून पुढे गेली. स्कूटर कलली, आम्ही पडलो. माझं मनगट मोडलं. भावाचं डोकं खडीवर आपटलं होतं.

जीप पुढे जाऊन थांबली. हे मी आता इतक्या सहज लिहितोय, पण हेच वाक्य बावीस वर्षं मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. जीप थांबली. काच खाली झाली. आतल्या माणसानं मान बाहेर काढून मागं बघितलं. माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, रस्त्यावर पसरलेल्या वांग्यांकडे बघितलं. पांढऱ्या नॅपकिननं मानेवरचा घाम पुसला. मग काच वर गेली आणि जीप निघून गेली. मी त्याला ओळखलं होतं. न ओळखायला काय झालं, आमच्याच भावकीतला, भावाच्या वर्गातला. त्यानं नुकतंच स्वतःच्या शेतात इमारती उठवायला सुरुवात केली होती. दवाखाना गाडीनं वीस मिनिटांवर होता. भाऊ जवळजवळ तासभर जिवंत होता. मला एक टेम्पो मिळेपर्यंत तो तास संपला.

संध्याकाळी तो जीपवाला दवाखान्यात आला. धावत आला. माझ्या प्लॅस्टर घातलेल्या हाताशेजारी बसला, डोळे पुसले, त्याच नॅपकिननं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘सर, तुम्हाला तर काही दिसलंच नसंल. धूळ किती होती.’

आणि मी म्हणालो, ‘हो, धूळ होती.’

आता नीट ऐका. लोकांना वाटतं अशा वेळी धमकी दिली जाते, काहीतरी देऊ केलं जातं. त्यानं मला धमकी दिली नाही. काही देऊ केलं नाही. तो एक वाक्य बोलला आणि मी ते खाली पडू दिलं नाही, इतकंच. समोरचा माणूस रडत असताना ‘तूच होतास’ असं तोंडावर कसं म्हणायचं, बरं दिसत नाही, असं मला वाटलं. भिडेखातर! माझ्या सख्ख्या भावाचा जीव मी भिडेखातर सोडून दिला. एकदा ‘धूळ होती’ म्हटल्यावर जबाबातही धूळच लिहिली गेली. चार दिवसांनी कुणीतरी भाड्याचा ड्रायव्हर स्वतःहून हजर झाला, त्यानं दुसऱ्याच एका गाडीचा नंबर सांगितला, आणि प्रकरण मिटलं.

भावाला खांदा द्यायला तो जीपवाला सगळ्यांत पुढे होता. दहाव्याला सगळी धावपळ त्यानंच केली. पुतणीच्या कॉलेजच्या प्रवेशाला तो धावला, वहिनींच्या घराच्या नळाला तो धावला. वहिनींना सख्खा भाऊ नाही. पहिल्या वर्षी दिवाळीत तो साडी घेऊन आला आणि म्हणाला, ‘ताई, आजपासून मी तुमचा भाऊ.’ तेव्हापासून दर भाऊबीजेला वहिनी त्याला ओवाळायच्या. आणि दिवाळीतला तो एक दिवस गावी जेवायचं, हा भाऊ असल्यापासूनचा माझा रिवाज. म्हणजे दर वर्षी मी तिथे असायचो. तो पाटावर बसलेला, डोक्यावर टोपी, कपाळाला कुंकू, आणि माझ्या भावाची बायको त्याच्या तोंडासमोर निरांजन फिरवतेय, दीर्घायुषी व्हा म्हणतेय. मी शेजारी खुर्चीत बसून बघायचो. मग आम्ही दोघं एका पंगतीला पुरणपोळी खायचो. खायचो हो! घास उतरायचा. त्याचीच मला सगळ्यांत जास्त शिसारी येते, की घास उतरायचा.

वहिनी मला वर्षातून एकदा, तो जेवून गेल्यावर, भांडी आवरता आवरता एकच प्रश्न विचारायच्या. ‘भाऊजी, ती गाडी थांबली हुती का वो?’

कुणाची होती, असं नव्हे. थांबली होती का. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्यांच्या माणसाला कुणी मरताना बघून गेलं, की नकळत गेलं. नकळत गेलं असेल तर त्यांना ते सोसणार होतं. आणि मी दर वर्षी म्हणायचो, ‘नाही वहिनी, भरधाव गेली.’ त्या म्हणायच्या, ‘मग ठीक हाय. त्याला बिचाऱ्याला कळलंबी नसंल.’ आणि पुन्हा भांडी घासायला लागायच्या.

तर, तो रविवार. आमचा क्लब ज्या हॉलमध्ये भरायचा तो हॉल पाडायला घेतला होता आणि सेक्रेटरी जागेसाठी वणवण करत होते. अखेर त्यांचा फोन आला, आवाजात विजय. ‘सर, जागेचा प्रश्न सुटला! वारज्याच्या एका मोठ्या गृहसंकुलात एसी हॉल आहे. संकुलाचे मालक कलेचे भोक्ते आहेत, फुकट देतायत. तुमच्याच गावचे निघाले की हो.’ मी म्हणालो, ‘अरे वा.’ दुसरं काय म्हणणार? माझं आयुष्य ‘अरे वा’ आणि ‘धूळ होती’ या दोन वाक्यांवर निघालंय.

पुढचं तर ऐका. सेक्रेटरी म्हणाले, ‘सत्कार तुमच्याच हस्ते. शाल-श्रीफळ. गावचा माणूस म्हणून शोभेल.’ आपल्या पुण्यात कुणी हॉल दिला की शाल, माइक दिला की शाल, मेला तर हार आणि त्यावर शाल. मी नाही म्हणू शकलो असतो. ताप आलाय म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी शाल घालायला गेलो.

हॉल पार गारठलेला होता. तो पहिल्या रांगेत मधोमध बसला होता, पांढरेशुभ्र कपडे, हातात पांढरा नॅपकिन. बावीस वर्षांत नॅपकिन बदलले असतील, सवय तीच. गारठ्यातसुद्धा अधूनमधून मान पुसायची. मी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ हातात दिला, माझ्याहून मोठा असूनही त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. टाळ्या झाल्या. माझ्या बोटांना त्याच्या मानेचा घाम लागला. मी रुमालानं बोटं पुसली, तरी ती दिवसभर चिकट वाटत राहिली.

आणि तेव्हाच मला तिसऱ्या रांगेत वहिनी दिसल्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. शेजारी पुतणी. ती हिंजवडीला आयटीत आहे. तिनं हात हलवला आणि ओठांनीच म्हणाली, ‘सरप्राइज, काका!’ तिला कुठल्यातरी ग्रुपवर माझ्या भाषणाची जाहिरात दिसली होती. हॉल घराजवळ, रविवार, काकांचं भाषण, म्हणून ती आईला घेऊन आली होती. वहिनींनी उभ्या आयुष्यात असला चित्रपट पाहिलेला नव्हता आणि इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, काय कळणार आहे त्यांना.

चित्रपट झाला. किटलीची शिट्टी थांबली, दिवे लागले, आणि लोकांनी तो दीर्घ सुस्कारा सोडला जो परदेशी चित्रपटांसाठी राखून ठेवलेला असतो. ‘काय संयम आहे!’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘रक्ताचा एक थेंब नाही दाखवला.’ दुसरं म्हणालं, ‘आपल्याकडे हे जमणार नाही.’ मध्यंतरातली खिचडी अजून संपवत असलेल्या एका बाईंनी तेलकट बोट पुसत म्हटलं, ‘सूड इतका सुंदर असू शकतो!’ माणूस मेलाय बाई, खाली ठेवा ती डिश. पण मी तसं म्हणालो नाही. मी माइक हातात घेतला.

बोलायला लागलो की मी वाहवत जातो, ही माझी ख्याती. त्या दिवशी तर समोर तो बसलेला, तिसऱ्या रांगेत वहिनी, आणि माझी जीभ जास्तच सैल सुटली. पाऊस, ओव्हरकोट, गालिच्यावरचा हात, सगळं झालं. त्या माशांच्या दुकानवाल्या बाईचं मौन झालं. लोक टिपून घेत होते. मग मी अपघाताच्या प्रसंगाकडे वळलो.

‘आता त्या प्रसंगाची मांडणी बघा,’ मी म्हणालो. ‘एक शब्द नाही. गाडी पुढे जाते आणि थांबते. काच खाली होते. आतला माणूस मान बाहेर काढून मागे बघतो. पडलेल्याकडे बघतो, रस्त्यावर सांडलेल्या भाजीकडे बघतो. पांढऱ्या रुमालानं मानेवरचा घाम पुसतो. आणि मग अगदी शांतपणे काच वर जाते. मित्रहो, क्रौर्य म्हणजे ओरडणं नव्हे. क्रौर्य म्हणजे ती वर जाणारी काच.’

टाळ्या पडल्या. ‘व्वा’ आलं. मी पाण्याचा घोट घेतला. मला काय झालंय ते तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आमच्या क्लबात एक गृहस्थ आहेत, जमाखर्चाच्या वहीसारखी एक वही घेऊन अंधारात पेन्सिल-टॉर्चनं प्रत्येक दृश्याची नोंद करणारे. चुका काढण्यातच त्यांचा जन्म गेला. ते उभे राहिले. ‘क्षमा करा,’ ते म्हणाले, ‘पण आपण सांगितलेला शॉट चित्रपटात नाही.’

‘कुठला शॉट?’ मी विचारलं.

‘काच खाली होण्याचा. अपघात दाखवलेलाच नाही. छत्री दाखवली आहे. दिग्दर्शकाचा सगळा मोठेपणा त्यात आहे, असं आपणच पत्रकात लिहिलंय.’ त्यांनी पान उलटलं. ‘भाजीही नाही. आणि चित्रपटभर पाऊस पडतोय, माणसं ओव्हरकोटात कुडकुडतायत. घाम कुठून आला? तिकडे थंडीत घाम येत असेल तर मला कल्पना नाही, मी गेलेलो नाही.’

लोक हसले. मनापासून हसले, पुण्यात दुसऱ्याची चूक सापडली की हसतात तसे.  पहिल्या रांगेत नॅपकिन मानेपर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. एखाद्या जुन्या नोकरानं कप फोडावा तसं नुसतं बघत होता. मी नजर उचलून तिसऱ्या रांगेकडे नेली. वहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पुढच्या रांगेतल्या त्या मानेकडे आणि मानेवरच्या पांढऱ्या नॅपकिनकडे बघत होत्या.

‘वय झालं,’ मी माइकमध्ये म्हणालो. ‘दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटातला शॉट मिसळला.’ सेक्रेटरींनी आभार मानले. आभारात त्याचं नाव तीन वेळा आलं.

बाहेर पुतणी मला बिलगली. ‘काका, कसलं भारी बोललात! ते आजोबा किती रूड होते.’  वहिनींनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. ‘पिच्चर चांगला हुता,’ त्या म्हणाल्या. ‘कळाला मला.’ आणि गाडीत जाऊन बसल्या.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण मी ते नेहमीसारखेच काढले. चहा प्यायलो, पेपर वाचला, फराळ केला. मनात एकच हिशोब करत राहिलो: त्यांना कळलं असेल का? कळलं तर किती कळलं असेल? भाऊबीजेला जायचं की ताप आलाय म्हणायचं? दोनदा फोन हातात घेतला. शेवटी गेलो, कारण न जाणं म्हणजे कबूल करणं. बघा, त्या वेळीही मी स्वतःला कसं वाचवायचं याचाच विचार करत होतो.

घरात पुरणाचा वास सुटला होता. पुतणी स्वयंपाकघरात होती. तो माझ्या आधीच आला होता, साडीचं पुडकं शेजारी ठेवून. माझ्याकडे बघून हसला, ‘या सर!’ म्हणाला. वहिनींनी पाट मांडला. मग आत जाऊन दुसरा पाट आणला आणि त्याच्या शेजारी मांडला.

‘भाऊजी, आज तुमी बी बसा.’

दिराला कुणी ओवाळत नाही. मी तसं म्हणायला गेलो, पण त्यांचा चेहरा बघून पाटावर बसलो. आम्ही दोघं शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल असे. वहिनींनी आधी त्याला कुंकू लावलं, मग मला. अक्षता टाकल्या. निरांजन पेटवलं. ताट दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. ताट फिरलं नाही.

‘दादा,’ त्या म्हणाल्या, ‘ती गाडी थांबली हुती का?’

‘कुठली गाडी, ताई?’ त्यानं नॅपकिन काढला.

‘भाऊजी सांगतील.’

त्यानं माझ्याकडे मान वळवली. तोच आवाज, तसाच हळू, दवाखान्यातला. ‘सर, त्या वेळी धूळ किती होती, नाही का?’

देवाशप्पथ सांगतो, माझ्या जिभेवर ‘हो’ आला होता. बावीस वर्षांनंतर, कपाळावर कुंकू, समोर भावाची बायको, आणि तरी तो ‘हो’ एखाद्या पाळलेल्या कुत्र्यासारखा आपणहून पुढे आला. इतकी किळस मला स्वतःची कधी वाटली नव्हती. माझी नजर त्याच्या हातातल्या नॅपकिनवर गेली. मान पुसायचं सोडून त्यानं तो मुठीत चुरगळला होता. त्याला भीती वाटत होती! माझी! हे मला बावीस वर्षांत सुचलंच नव्हतं, की तो दर वर्षी इथे ओवाळून घ्यायला येत नव्हता, मी अजून गप्प आहे ना ते बघायला येत होता.

‘थांबली होती,’ मी म्हणालो. ‘ह्यांचीच जीप. काच खाली केली, आमच्याकडे बघितलं, घाम पुसला आणि गेले. तेव्हा तो जिवंत होता. तासभर होता.’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. पुतणी दारात येऊन उभी राहिली होती.

तो उठला. ‘सणाच्या दिवशी काय विषय काढता,’ म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. ‘ताई, आपण निवांत बोलू. सरांचं वय झालंय, परवा हॉलमधी सगळ्यांदेखत घोटाळा केलाच की त्यांनी.’

‘साडी घिऊन जा,’ वहिनी म्हणाल्या.

‘ताई, अहो—’

‘आधीच्याबी घिऊन जा. बाहेर गाठोडं ठिवलंय.’

ओट्यावर खरंच गाठोडं होतं. येताना मी ते पाहिलं होतं, धुण्याचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. तो ते काखेत मारून गेला. कपाळावरचं कुंकू त्यानं फाटकाबाहेर पडायच्या आत पुसलं, त्याच नॅपकिननं.

मी पाटावरच बसून होतो. आणि आता माझ्या मनात काय आलं तेही सांगून टाकतो, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मला हलकं वाटलं. मला वाटलं, आता वहिनी रडतील, मी समजूत काढीन, त्या म्हणतील, भाऊजी, उशिरा का होईना, बोललात. शेवटचा शॉटसुद्धा मी मनात लावून ठेवला होता.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. निरांजन तसंच जळत होतं. त्या रडल्या नाहीत.

‘उठा, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं एकदा बघितलं आन् गेला. तुमी बावीस वर्सं बघत बसलात.’

मी उठलो. पुतणीकडे बघितलं, तिनं मान फिरवली. दारात चप्पल पायात सरकवत होतो तेव्हा मागे आवाज झाला. वहिनींनी पाट उचलून भिंतीला लावून ठेवले होते, दोन्ही.